चित्र दिसतंय, पण नोंद होतेय का?

दिल्लीत कॅमेरा ही आता कौतुकाची वस्तू राहिलेली नाही. 2018 मध्ये दिल्ली सरकारच्या मंत्रिमंडळाने 1 लाख 40 हजार सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची योजना मंजूर केली. 70 विधानसभा मतदारसंघ आणि प्रत्येकी 2,000 कॅमेरे, असा तो सरळ हिशेब होता. 2021 मध्ये जगभरातल्या शहरांची तुलना झाली, तेव्हा दर चौरस मैलामागे 1,826 कॅमेरे असलेली दिल्ली पहिली आली, लंडन दुसरं. मुंबई त्या यादीत अठरावी होती. हा आकडा सार्वजनिक कॅमेऱ्यांचा. द्वारकेच्या फ्लॅटबाहेर, पश्चिम विहारच्या जिन्यात, नोएडाच्या पार्किंगमध्ये, गुरुग्रामच्या बिल्डर फ्लोअरच्या फाटकावर लोकांनी स्वतःच्या पैशाने लावलेले कॅमेरे यात धरलेलेच नाहीत.

या पुस्तिकेचा विषय हे घरचे कॅमेरे आहेत. नेमकं सांगायचं तर, त्यांच्या मागे दिवसरात्र चालणारा संगणक आणि त्या संगणकातली हार्ड डिस्क. कॅमेरा घेताना आपण किती मेगापिक्सेल, रात्री रंगीत दिसतं का, मोबाइलवर येतं का, असं सगळं खोदून विचारतो. डिस्कबद्दल एकच प्रश्न असतो, ‘किती टीबी?’ पुढची तीन-चार वर्षं तिचं नावही निघत नाही. मग एक दिवस सोसायटीत चोरी होते किंवा गाडीला कुणी ठोकून जातं, आणि फुटेज शोधायला बसलं की कळतं की नोंद पाच आठवड्यांपूर्वीच थांबली आहे. तोवर रोज मोबाइलवर फाटक दिसत होतं, दूधवाला दिसत होता, त्यामुळे शंका येण्याचं कारणच नव्हतं.

शंका का येत नाही, हे समजलं की अर्धा विषय समजला. कॅमेऱ्याकडून येणारं थेट चित्र संगणकाच्या मेमरीतून पडद्यावर किंवा मोबाइलवर जातं. त्याला डिस्कची गरज लागत नाही. नोंदीचा रस्ता वेगळा, तो डिस्कवर संपतो. म्हणून डिस्क अर्धमेली असली, अगदी बंद पडली, तरी चित्र दिसत राहू शकतं. ऑफिसच्या संगणकाची डिस्क गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बोंब होते. पाळतीच्या संगणकाची डिस्क गेली तर बोंब मारणारं कुणी नसतं. तिची एकच कुरकूर ऐकू येते, ती म्हणजे संथपणा. क्लिप उघडायला वेळ लागतो, टाइमलाइन अडकते, रिमोटने जोडलं की माउस ओढल्यासारखा चालतो. ही कुरकूर वेळेवर ऐकावी आणि तिचा अर्थ लावता यावा, एवढ्यासाठी ही पुस्तिका आहे.

आधी कामाचा आवाका पाहू. एक साधा कॅमेरा सेकंदाला 4 मेगाबिट पाठवतो असं धरलं, तर दिवसाला सुमारे 43 जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे 173 जीबी. म्हणजे 2 टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसून नवं लिहायला लागते. गणपतीला किंवा मे महिन्यात पंधरा दिवस गावी जाणाऱ्या दिल्लीकर मराठी कुटुंबाने हा हिशेब जरूर करावा. चोर दुसऱ्या दिवशी आला असेल, तर घरी परतेपर्यंत ती नोंद डिस्क धडधाकट असूनही पुसली गेलेली असेल. आठ कॅमेरे असतील तर वर्षाला सुमारे 126 टीबी लिहिले जातात. घरगुती संगणकासाठी बनवलेल्या अनेक डिस्क वर्षाला 55 टीबी एवढ्याच कामासाठी असतात. पाळतीसाठी मुद्दाम बनवलेल्या डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉकसारख्या डिस्कना साधारण 180 टीबीची मुभा असते. जुन्या संगणकातली हाताशी असलेली डिस्क या कामाला जुंपली की ती दुप्पट-अडीचपट ओझं वाहत असते.

पण संथपणाचं कारण बहुतेक वेळा हे ओझं नसतं. आठ कॅमेरे मिळून सेकंदाला फक्त 4 मेगाबाइट लिहितात, आणि सलग लिहायचं असेल तर आजची साधी डिस्कही सेकंदाला दीडशे मेगाबाइट सहज पेलते. गोम आहे ती सलग न लिहिण्यात. मिनिटाला 5,400 फेऱ्यांची डिस्क सेकंदाला 90 वेळा फिरते. हवी ती जागा लिहिण्या-वाचण्याच्या डोक्याखाली यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद, आणि डोकं त्या पट्ट्यावर न्यायला आणखी दहाएक मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेली कामं सेकंदाला साठ-सत्तरच होतात. आठ खिडक्यांवरच्या आठ रजिस्टरांत एकाच कारकुनाने धावत नोंदी करायच्या, तशी ही गत आहे. त्यातच विंडोज त्याच डिस्कवर, क्लिपांची यादी ठेवणारा डेटाबेस त्याच डिस्कवर, अँटिव्हायरस प्रत्येक नवी फाइल तपासतोय, आणि एका मिनिटाची एक फाइल असा हिशेब असेल तर आठ कॅमेऱ्यांच्या दिवसाला 11,520 फाइली. डिस्क भरल्यावर रोज तेवढ्याच पुसायच्याही. डिस्कचा सारा वेळ लिहिण्याऐवजी धावण्यात जातो.

अशा निरोगी पण राबून थकलेल्या डिस्कवर नवी डिस्क हा उपाय नाही. विंडोज आणि डेटाबेस छोट्या एसएसडीवर हलवावेत, मोठी डिस्क निव्वळ रेकॉर्डिंगला ठेवावी, फाइली मिनिटाऐवजी तासाच्या कराव्यात, रेकॉर्डिंगचं फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळावं आणि डिस्क काठोकाठ भरू देऊ नये. ब्लू आयरिससारखी रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी एवढ्यावर मिटाव्यात.

दुसऱ्या जातीचा संथपणा चुकीच्या डिस्कचा. घरगुती डिस्क वाचताना अडखळली की हट्टाला पेटते. त्याच जागेवर पुनःपुन्हा प्रयत्न करत कित्येक सेकंद घालवते, कारण तुमच्या हिशेबाच्या फाइलमधलं एक अक्षरही गमवायचं नाही अशी तिची शिकवण. पाळतीची डिस्क लवकर हार मानते, एखाद्या फ्रेमवर पाणी सोडते आणि पुढे जाते. शिवाय हल्लीच्या बऱ्याच स्वस्त डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात: पट्टे एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. 2020 मध्ये वेस्टर्न डिजिटलने रेड मालिकेतल्या काही डिस्क या पद्धतीच्या असल्याचं आधी सांगितलं नव्हतं हे उघड झालं, आणि ग्राहकांनी कंपनीला कोर्टात खेचलं. सतत जुनं पुसून नवं लिहिणाऱ्या कामात अशी डिस्क मधूनच गुडघे टेकते.

तिसरा संथपणा खऱ्या आजाराचा. तो ओळखण्याचं घरबसल्या मिळणारं साधन म्हणजे स्मार्ट, डिस्कने स्वतःच ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची वही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती वही उघडून दाखवतं. वर निळ्या चौकटीत ‘गुड’ लिहिलेलं दिसलं की लोक खिडकी बंद करतात. तिथे थांबू नये. खालच्या तक्त्यात 05, सी-5, सी-6 आणि सी-7 या चार ओळींचा शेवटचा रकाना पाहावा. तिथले आकडे मुळात सोळाच्या पायावर लिहिलेले असतात. 10 दिसलं तर ते दहा नसून सोळा. 05 म्हणजे खराब निघाल्याने कायमच्या बदललेल्या जागा. सी-5 म्हणजे वाचता आल्या नाहीत म्हणून संशयित ठरलेल्या जागा. हा आकडा अनेकदा 8च्या पटीत वाढतो, कारण आजच्या डिस्कचा एक 4,096 बाइटचा तुकडा जुन्या मापाने आठ तुकडे मोजला जातो. सी-6 म्हणजे डिस्कने स्वतः तपासूनही दुरुस्त न झालेल्या जागा. सी-7 मात्र डिस्कचा दोष दाखवतच असेल असं नाही. तो आकडा केबलमधून जाताना बिघडलेल्या माहितीचा, आणि तो कधी खाली येत नाही. आजचा आकडा लिहून ठेवावा, साटा केबल बदलावी आणि आठवड्याने पुन्हा पाहावं. वाढला नाही तर शे-दोनशे रुपयांत काम झालं. तो वाढत असताना डिस्क बदलणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

विंडोजचा टास्क मॅनेजर हा दुसरा साक्षीदार. तिथे डिस्क 100 टक्के दिसली की माणूस घाबरतो. पण ते 100 टक्के म्हणजे डिस्क सतत गुंतलेली होती, एवढंच. तिने किती काम केलं ते शेजारच्या आकड्यात कळतं. सेकंदाला 2 मेगाबाइट काम आणि प्रतिसादाला चाळीस-पन्नास मिलिसेकंद, तर धावपळ. तेवढंच काम आणि प्रतिसाद हजारांत, तर आजाराची शंका घ्यावी. मग विंडोजच्याच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 7, 129 किंवा 153 क्रमांकाच्या नोंदी शोधाव्यात. पहिली खराब जागेची, दुसरी डिस्क उत्तर देईना म्हणून तिला हलवून जागं केल्याची, तिसरी काम पुन्हा करावं लागल्याची. त्या रोज येत असतील तर खात्री पटली. आणि डिस्क शांत असून प्रोसेसर 100 टक्के असेल, तर दोष तिच्यावर ढकलू नये. आठ मोठी चित्रं एकाच वेळी उलगडून दाखवण्याचा तो भार असतो, आणि थेट पाहण्यासाठी कॅमेऱ्याची हलकी सबस्ट्रीम निवडली की तो उतरतो.

स्मार्टवर विसंबावं किती? 2007 मध्ये गूगलच्या तिघा संशोधकांनी एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या साठ दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता 39 पटींनी वाढते, असं त्यात दिसलं. पण मेलेल्या डिस्कपैकी 36 टक्क्यांनी तापमान सोडता कसलाच इशारा दिलेला नव्हता. 2016 मध्ये बॅकब्लेझ या साठवणूक कंपनीने स्वतःच्या डिस्कवरून काढलेला निष्कर्ष जवळपास तोच: मेलेल्या डिस्कपैकी सुमारे 77 टक्के डिस्कमध्ये पाचपैकी एक तरी महत्त्वाचा आकडा शून्याच्या वर गेलेला होता, उरलेल्या न सांगता गेल्या. म्हणजे वाईट आकडा आला तर विश्वास ठेवावा, चांगला आला तर ठेवू नये.

पाळतीच्या डिस्कला हे जास्तच लागू पडतं, आणि या पुस्तिकेतला सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. खराब जागा मुख्यतः वाचताना उघडकीला येते. लिहून झाल्यावर आपण लिहिलेलं नीट उमटलं का, हे डिस्क सहसा परत वाचून बघत नाही. घरची पाळतीची डिस्क वर्षभर लिहीतच असते, तिला वाचतं कोण? त्यामुळे तिची वही कोरी असते ती तब्येत ठणठणीत आहे म्हणूनच असेल असं नाही. तिला कुणी वाचायला लावलेलं नाही म्हणूनही असेल. ज्या दिवशी फुटेज लागतं, त्याच दिवशी तिची पहिली परीक्षा होते. ही परीक्षा आधीच घेता येते. स्मार्टमॉनटूल्स या मोफत सॉफ्टवेअरमधली विस्तारित चाचणी डिस्कचा कानाकोपरा वाचते. 4 टीबीच्या डिस्कला सात-आठ तास लागतात, रेकॉर्डिंग चालू असेल तर अधिक. दर तीन महिन्यांनी एक रात्र त्यासाठी द्यावी.

राजधानी परिसराचे स्वतःचेही काही त्रास आहेत. 29 मे 2024 रोजी सफदरजंग वेधशाळेत 46.8 अंश तापमान नोंदलं गेलं, 79 वर्षांतलं सर्वाधिक. घरगुती डिस्कची मर्यादा साधारण 60 अंशांची. खोलीतल्या उन्हाळ्याने डिस्क मरते असं गूगलच्या अभ्यासातही दिसलं नाही. पण टीव्हीच्या बंद कपाटात किंवा माळ्यावर, आंधीच्या आणि बांधकामांच्या धुळीने पंखे चोंदलेल्या डब्यात ती मर्यादा ओलांडली जाते. विजेचा त्रास त्याहून मोठा. नोएडा-गुरुग्रामच्या सोसायट्यांत जनरेटर आहे म्हणून लोक निश्चिंत असतात; पण वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत एक खंड पडतो आणि वीज परतली की बऱ्याच ठिकाणी दुसरा. एका वीजकपातीत डिस्कला दोनदा ऐन लिहिण्याच्या भरात थांबावं लागतं, आणि अर्धवट लिहिलेल्या फाइलींचा पसारा मागे राहतो. छोटा यूपीएस हा इथे चैनीचा खर्च नाही. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात आणखी एक गंमत होते. इन्फ्रारेडचा प्रकाश धुक्यावरून उलटून चित्र पांढरं पडतं, गाड्यांच्या दिव्यांना सॉफ्टवेअर हालचाल समजतं, आणि हालचालीवर रेकॉर्डिंग लावलेली डिस्क रात्रभर लिहीत बसते. उन्हाळ्यात वीस दिवस पुरणारी डिस्क थंडीत बारा दिवसच पुरली, तर तिचा दोष नाही.

खरेदीबद्दल. लाल किल्ल्यासमोरचं लाजपत राय मार्केट आणि दक्षिण दिल्लीतलं नेहरू प्लेस ही दोन ठिकाणं इथल्या बहुतेक घरांतल्या कॅमेऱ्यांची आणि संगणकांची मूळ गावं. तिथे नव्याबरोबर ‘रिफर्बिश्ड’ मालही मिळतो, स्वस्तही असतो. मात्र वापरलेल्या डिस्कच्या वहीतले चालल्याचे तास शून्य करता येतात, हे लक्षात असू द्यावं. 2021 मध्ये चिया या आभासी चलनाच्या लाटेत राबवलेल्या सीगेटच्या डिस्क तास पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं 2025च्या सुरुवातीला जर्मनीत उघड झालं. पकडल्या गेल्या त्या ‘फार्म’ या दुसऱ्या, खोलवरच्या नोंदीमुळे. स्मार्टमॉनटूल्सची नवी आवृत्ती तीही वाचते. दुकानातून घरी आल्यावर पहिलं काम वही उघडण्याचं, मग स्क्रू आवळण्याचं.

फुटेज हाताशी असूनही ते कामी येईल का, हा शेवटचा प्रश्न कायद्याचा, आणि त्याचं उत्तर देणारा खटला मराठवाड्यातला आहे. 2014च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज 3 वाजताची मुदत उलटल्यावर दाखल झाले, असा प्रतिस्पर्धी उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा दावा होता. आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात आत-बाहेर कॅमेरे चालू होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2017 मध्ये निवड रद्द केली. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर पुराव्याच्या आधारे कायम ठेवला, पण एक गोष्ट ठामपणे सांगितली: रेकॉर्डिंगची प्रत द्यायची असेल तर कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र हवंच, मूळ यंत्रच न्यायालयात हजर केलं तर त्याची गरज नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63ने हे प्रमाणपत्र दोन भागांचं केलं असून त्यात फाइलचं हॅश मूल्य (तिची आकडी ओळखखूण) द्यावं लागतं. यातून घरमालकाने घ्यायचा धडा असा की घटना घडल्यावर डिस्कशी खेळू नये. ‘सर, फॉरमॅट मारून देतो, मशीन पळेल’ असं म्हणणाऱ्या मेकॅनिकला त्या दिवशी तरी हात लावू देऊ नये. रिकामी झालेली डिस्क चार दिवस पळते हे खरं. दोष जागच्या जागी राहतो आणि पुरावा मात्र जातो. विंडोजच्या चेकडिस्कसारखी दुरुस्तीही हवं ते फुटेज दुसरीकडे उतरवून घेतल्यावरच. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर वीज बंद करून ती जाणकाराकडे न्यावी. तिथे या पुस्तिकेचं काम संपतं.

पुढच्या प्रकरणांचा क्रम मुद्दाम असा लावला आहे: आधी निदान, मग मांडणी, मग खरेदी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. संगणक संथ झाला की आधी नवी डिस्क येते आणि महिन्याने संगणक पुन्हा संथ होतो. प्रत्येक तपासणीला किती वेळ लागेल आणि ती रेकॉर्डिंग न थांबवता करता येईल का, हे त्या त्या ठिकाणी दिलं आहे. डब्यासारखे मिळणारे डीव्हीआर, एनव्हीआर वापरणाऱ्यांनीही पुस्तिका बाजूला ठेवू नये. आत डिस्क तीच असते, आणि बहुतेक डब्यांच्या मेनूत तिची वही वाचण्याची सोय असते. फक्त ती उघडणारा हवा.

सगळं वाचायला वेळ नसेल, तर निदान एक करा. आज रात्री जेवणानंतर घरच्या कॅमेऱ्याचं बरोबर एक आठवड्यापूर्वीचं, पहाटे 3 वाजताचं रेकॉर्डिंग उघडा आणि दहा मिनिटं सलग चालवून पाहा. न अडकता चाललं, तर ही पुस्तिका सावकाश वाचा. अडकलं किंवा सापडलंच नाही, तर थेट पहिल्या प्रकरणाकडे वळा, आणि तोवर डिस्क फॉरमॅट करू नका.